पुणे-मुंबई : अंतर कुठे वाढले, वेळ कुठे गेला?

‘पुण्याहून मुंबई किती लांब?’ असे वर्गात विचारून पाहा. रेल्वेने जाणारा १९२ कि.मी. सांगेल, नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याचे उत्तर सुमारे १२० येईल. दोघेही बरोबर! मग मधले ७२ कि.मी. आले कुठून? बहुतेक जण बोरघाटाकडे बोट दाखवतील. नकाशा मात्र वेगळेच सांगतो.

मुंबई ते कर्जत सरळ अंतर सुमारे ५० कि.मी. आहे. रुळांवरून ते १०० भरते. १८५३ साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली, पुढच्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोचली आणि पुण्याचा फाटा तेथून दक्षिणेला वळला. वाढीव अंतराचा दोन-तृतीयांश भाग या एका वळशातच आहे.

घाटाने अंतर फारसे वाढवले नाही. त्याने वेळ घेतला आणि माणसेही घेतली. १८५६ मध्ये खालची गाडी खोपोलीला पोचली, १८५८ मध्ये वरची खंडाळा ते पुणे धावू लागली. मधला चढ प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा गाडीने चढावा लागे. रेल्वेला येथे सुमारे २५ कि.मी.मध्ये ५५८ मीटर चढायचे होते. सर्वांत कठीण जागी ३७ मीटरला १ मीटर असा चढ होता. २५ बोगदे खणले गेले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते. कॉलऱ्याने त्यांतले हजारो दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने अभियंते नेमून काम पुढे चालू ठेवले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. १९३० साली विजेवर धावणारी ‘डेक्कन क्वीन’ आली आणि प्रवास तीन तासांच्या आसपास आला. आजही तो जवळपास तेवढाच आहे.

विमानाला खाडी नाही, घाट नाही. ताशी ८०० कि.मी. वेगाने १२० कि.मी. कापायला नऊ मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात हवेत अर्ध्या तासाच्या आसपास जातो. विमान तो वेग गाठते उंचीवर. येथे मात्र चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. शिवाय उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. पुणे-नागपूर सरळ अंतर याच्या पाचपट आहे. विमानाचा वेळ मात्र पाचपट होत नाही. का, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

त्यासाठी एक दोरा आणि जिल्ह्याजिल्ह्यांचा नकाशा पुरेसा आहे. दोरा आधी रुळांवरून फिरवावा, मग ताणून धरावा. उरलेला दोरा कोणत्या स्थानकांच्या दरम्यान खर्ची पडला हे पाहिले की भूगोल आणि इतिहास एकाच तासात शिकवता येतात.