नर्मदाकाठच्या दोन चित्रकथा

इंदूरच्या विमानतळाला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे आणि शहराच्या नळांना नर्मदेचे पाणी. जलूद येथून उचललेले हे पाणी १९७८ साली शहरात पोहोचले. तेथून जवळच महेश्वर, अहिल्याबाईंची राजधानी. या राणीवरही चित्रकथा निघाली आणि या नदीवरही. दोन्हींत उडणारा, मुखवटा घातलेला महानायक नाही. असे पुस्तक प्रकाशकाने खपवायचे कसे आणि त्यासाठी चित्रकार मिळवायचे कसे, या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे या दोन पुस्तकांमागे आहेत.

‘अहिल्याबाई होळकर’ ही ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील. मुंबईच्या इंडिया बुक हाऊसने १९६७ साली सुरू केलेल्या या मालिकेचे संपादक अनंत पै मूळचे कारकळचे. त्यापूर्वी टाइम्स समूहात असताना फँटमच्या साहसकथा छापणाऱ्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’शी त्यांचा संबंध आला होता, म्हणजे परक्या नायकाचा खप त्यांनी जवळून पाहिला होता. मालिकेचे पहिले दहा अंकही पाश्चात्त्य परीकथांचेच होते. अकरावा ‘कृष्ण’. त्याची चित्रे राम वाईरकरांनी काढली आणि मालिकेला तिची वाट सापडली.

पैंनी ओळखले की वाचणारे मूल असले तरी पैसे पालक मोजतो, आणि कॉमिक्स म्हणजे वाया गेलेला वेळ अशी त्या पालकाची ठाम समजूत आहे. म्हणून त्यांनी आधी मोठ्यांचे मन वळवले. शालेय शिक्षणात चित्रकथेचे स्थान काय, यावर १९७८ साली दिल्लीत परिसंवाद भरवला. शाळा आणि शिक्षक ग्राहक झाले. प्रांतोप्रांतीच्या राजे, राण्या आणि संतांवर अंक काढले गेले आणि ते अनेक भारतीय भाषांत निघाले. यात राष्ट्रीय एकात्मतेची तळमळ होती हे खरे. पण माळव्यातल्या घरात अहिल्याबाई आणि पंजाबातल्या घरात रणजितसिंह पोहोचतो, हा व्यवहारही त्यात होता. त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मात्र शाळेच्या आणि पालकाच्या संमतीवर उभा राहिलेला अंक वादाच्या विषयाला सहसा हात घालत नाही, ही त्याची किंमत.

चित्रकार या मालिकेकडे आले ते मुख्यतः नियमित कामासाठी. यादीत मराठी नावे ठळक दिसतात: राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. १९८० साली निघालेल्या ‘टिंकल’ मासिकाने आणखी एक दार उघडले. वाचकांकडूनच गोष्टी मागवल्या. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून सुप्पंडी जन्मला आणि वाईरकरांनी त्याला चेहरा दिला. शिकारी शंभू वसंत हळबे यांचा, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. भित्रा शिकारी आणि भोळा नोकर हे मुलांचे आवडते नायक ठरले, ही गोष्ट महानायकांच्या प्रकाशकांनी लक्षात घेण्याजोगी होती. त्यांनी लक्षात घेतले ते चित्रकारांना: १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला तेव्हा त्याची सुरुवातीची चित्रे पौराणिक कथांत हात बसलेल्या मुळीकांनीच काढली.

इंदूरला मात्र हा धंदा रुजला नाही. द. दा. देवळालीकरांच्या चित्रशाळेने या शहरात ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार घडवले. पण प्रकाशक मुंबईत आणि दिल्लीत होते.

दुसरे पुस्तक ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. नर्मदेवरील धरणे, आदिवासींची सृष्टिकथा आणि एका तरुण पत्रकाराचा प्रवास यांची गुंफण असलेले हे पुस्तक १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी गटाने सरकारी अनुदानाच्या आधारे प्रकाशित केले. धरणाला प्रश्न विचारणाऱ्या पुस्तकाला सरकारचा पैसा मिळावा, हा योग मौजेचाच. येथे संपादकाने विषय ठरवून चित्रकाराला बोलावले नव्हते. विषय, संहिता, चित्रे सारे सेन यांचे. मोठ्या प्रकाशकाचे वितरणजाळे पाठीशी नव्हते. पुस्तक हातोहाती फिरले, पुढे मिळेनासे झाले, तरी भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

सेन गोमंतकीयांना परके नाहीत. गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडा यांच्या नावाच्या अध्यासनावर असताना त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाचा बाजार चित्रांतून नोंदवला. सरदार सरोवराचे लोकार्पण २०१७ साली झाले. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ची नवी आवृत्ती चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने २०२२ साली काढली.