व्यायामाचें नित्यत्व

गुढीपाडव्यास केलेला व्यायामाचा संकल्प मृगाच्या पहिल्या सरींत वाहून जावा, हा घरोघरचा अनुभव आहे. व्यायामाचे लाभ सर्वांसच ठाऊक असतात. अवघड असतें तें त्यांतील नित्यत्व. तें कसें साधावें याचा दाखला पेण-रोह्याच्या डोंगराळ मुलखांत जन्मलेल्या एका पुरुषाच्या चरित्रांत सांपडतो. पेण तालुक्यांतील गागोदें या खेड्यांत ११ सप्टेंबर १८९५ रोजीं जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, हे कांहीं तालमींत घडलेले मल्ल नव्हते. देह कृश, आणि प्रकृतीच्या तक्रारी वारंवार. म्हणूनच त्यांचें उदाहरण सामान्य गृहस्थास उपयोगी आहे.

१९१६ सालीं ते गांधीजींच्या कोचरब येथील आश्रमांत दाखल झाले. पुढील वर्षीं प्रकृतिसुधारणा व अध्ययन यांसाठीं वर्षभराची रजा घेऊन ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांजपाशीं राहिले. १९१८ सालीं त्यांनीं गांधीजींस पत्रानें वर्षाचा हिशेब कळविला. गीता-उपनिषदांच्या अध्ययनाबरोबर त्यांत व्यायामाचीही नोंद होती: प्रथम दहा-बारा मैल चालणें, मग सहा ते आठ शेर दळणें, आणि अखेर ३०० सूर्यनमस्कार व फिरणें. प्रकार बदलले, पण व्यायाम सुटला नाहीं. शिवाय ज्याचा हिशेब कोणास तरी द्यावयाचा असतो, तें काम सहसा चुकत नाहीं.

खरी कसोटी लागली ती १९३८ सालीं. अतिश्रमानें विनोबांचें वजन ८८ पौंडांपर्यंत उतरलें होतें. गांधीजींनीं एखाद्या थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याचा आग्रह धरला. विनोबांनीं वर्ध्याजवळचें, धाम नदीच्या कांठचें पवनार निवडलें. तेथें मनावरचे सर्व भार उतरवून त्यांनीं शेतांत खणण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशीं अवघीं कांहीं मिनिटें. पुढें रोज किंचित् भर. वर्षाच्या आंतच वजन सुमारें ४० पौंडांनीं वाढलें. पहिल्याच दिवशीं शक्तीबाहेर खणलें असतें, तर दुसऱ्या दिवशीं कुदळ हातीं धरवली नसती.

१८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानाचा उगम झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, वयाच्या ५६ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते पवनारहून पुन्हां पायीं निघाले ते एप्रिल १९६४ मध्यें परतले. भल्या पहांटे निघावें, दहा-बारा मैल चालून पुढील गांव गांठावें, असा परिपाठ असे. डिसेंबर १९५२ मध्यें बिहारांतील चांडिल येथें हिवतापानें त्यांच्या जिवावर बेतलें व चालणें थांबलें. परंतु प्रकृति सांवरतांच १९५३ सालीं पावलें पुनश्च वाटेस लागलीं. खंड पडला म्हणून नेम मोडला, असें त्यांनीं मानलें नाहीं.

या चालण्यास व्यायाम हें नांवही राहिलें नव्हतें. पुढच्या गांवीं माणसें वाट पाहात होतीं, म्हणून चालावयाचें. ज्या श्रमावांचून दिवसाचें काम अडतें, त्यास उत्साहाची वाट पाहावी लागत नाहीं. शहरांतील गृहस्थानें कचेरीची अर्धी वाट रोज पायीं तुडविली, आणि आजारपणानंतर ती न लाजतां थोडक्यापासून पुन्हां सुरू केली, तर गागोद्याच्या या सुपुत्राचा धडा त्यास साधला असें म्हणतां येईल.