गोराईच्या खाजणातलं जोतं

१९८८ साली आम्हाला गोराईत २५ चौरस मीटरचा प्लॉट मिळाला. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५मध्ये सुरू झालेल्या योजनेत म्हाडाने बोरिवलीच्या गोराईत आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये असे प्लॉट पाडले. रस्ता, पाणी, गटार त्यांचं; घर ज्याचं त्याने बांधायचं.

भरावाआधी तिथे खाजण होतं, तिवरं होती, भरतीचं पाणी यायचं. जवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, इतकी इथली जुनी माणसं खाडीशी जोडलेली. पण गावठाण कोरड्या अंगाला, खाजणात नाही. ती उरलेली जमीन आमच्या वाट्याला आली.

खणताना हातभर लाल मुरूम लागला. खाली काळा गाळ, शिंपल्यांचा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. सकाळी खणलेला चर दुपारपर्यंत मचूळ पाण्याने भरे. आई आणि मी डब्याने उपसायचो. मिस्त्रींनी सहा फुटी सळई नुसती हाताने दाबली. सगळी आत गेली.

“दादा, निम्मे पैसे जमिनीतच जाणार,” ते बाबांना म्हणाले. “जाऊ द्यात.”

अशा मातीत पाणी कोंडलेलं असतं. वर वजन आलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू निचरतं आणि माती दबत जाते. सगळं घर सारखं खचलं तर निभावतं. एकच कोपरा जास्त गेला की भिंत फाटते. खडकापर्यंत पाइल नेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून डबराचं सोलिंग धुम्मसाने ठोकलं, सळयांची जाळी बांधली आणि अख्ख्या घराखाली काँक्रीटचा एकच राफ्ट ओतला. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. मला आजही वाटतं, त्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे तो राफ्टच.

तीन वर्षांनी शेजाऱ्यांनी वर मजला चढवला. त्यांची मुलं मोठी झाली होती, काय करणार? पण मधली भिंत दोघांची. वजन आमच्या कोपऱ्यावरही आलं, मोरीचं दार घासायला लागलं, चौकटीवर तिरका तडा गेला. बाबांनी तड्यावर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली, बाजूला पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलली की काच तुटणार.

पहिली पट्टी पावसाळ्यात तुटली. दुसरी पुढच्या होळीला. तिसरी आम्ही घर सोडेपर्यंत शाबूत होती.