फुटबॉलचा करार, व्हॉलीबॉलचा प्रवास

'कॉन्फरन्स' म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर पोस्टर, नोंदणी शुल्क आणि चहाच्या रांगेत झालेल्या ओळखी येतात. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. हंगामभर एकमेकांशी सामने खेळणारा आणि शेवटी आपापसात विजेता ठरवणारा विद्यापीठांचा गट म्हणजे कॉन्फरन्स. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमधला 'पश्चिम विभाग' आठवा. फरक एवढाच, की तिथे विभाग वरून कोणी नेमून देत नाही. विद्यापीठंच गट करतात आणि वाटलं तर सोडूनही जातात. या गट बदलण्याला 'रीअलाइनमेंट' म्हणतात.

2 ऑगस्ट 2024 रोजी लॉस एंजेलिसचं यूसीएलए हे विद्यापीठ 'बिग टेन' नावाच्या गटात अधिकृतपणे गेलं. याच गटात न्यू जर्सीचं रटगर्सही आहे. दोघांमधलं अंतर सुमारे 3,900 किलोमीटर आणि घड्याळांत तीन तासांचा फरक. हा बदल झाला तो फुटबॉलच्या टीव्ही हक्कांच्या पैशामुळे. फुटबॉलचा संघ नियमित हंगामात 12 सामने खेळतो, बहुतेक शनिवारी, आणि त्यातले साधारण निम्मे घरच्या मैदानावर. पण गट बदलला तो सगळ्यांचाच. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलींना त्याच नकाशावर प्रवास करावा लागतो, आणि त्यांचे सामने शनिवारची वाट बघत नाहीत.

एका खेळासाठी घेतलेला निर्णय बाकीच्यांच्या वेळापत्रकावर कसा येऊन पडला? उत्तरासाठी सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

शेजार हीच अट

बिग टेनची मुळं 1896 मध्ये सापडतात. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन ही सात विद्यापीठं एकत्र आली. खेळाडू खरंच विद्यार्थी आहे की नाही, यावर प्राध्यापकांचं नियंत्रण राहावं हा मुख्य हेतू होता. पश्चिम किनाऱ्यावर 2 डिसेंबर 1915 रोजी पोर्टलंडमध्ये अशीच बैठक झाली आणि चार विद्यापीठांची 'पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स' उभी राहिली. पुढे ज्याला पॅक-12 म्हणू लागले, तो गट आपली सुरुवात इथूनच मोजतो. प्रवास रेल्वेचा होता, त्यामुळे गट म्हणजे शेजारी हे वेगळं सांगावंच लागत नव्हतं.

1978 मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आली आणि हा पश्चिमेचा गट दहाचा झाला. नकाशा बघितलात तर गंमत दिसेल. दहा विद्यापीठांच्या पाच जोड्या सहज पडतात : लॉस एंजेलिसमधली दोन, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली दोन, ओरेगन राज्यातली दोन, वॉशिंग्टन राज्यातली दोन आणि ॲरिझोनातली दोन. या जोड्यांना 'ट्रॅव्हल पार्टनर' म्हणायचे. बास्केटबॉलचा संघ गुरुवारी जोडीतल्या एकाशी खेळायचा, शनिवारी दुसऱ्याशी, आणि घरी परतायचा.

आता हिशोब करा. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे 9 सामने बाहेर. पण स्वतःच्या जोडीदाराकडचा सामना त्यामानाने जवळचा. उरलेले 8 सामने चार जोड्यांकडे. म्हणजे 9 बाहेरच्या सामन्यांसाठी लांबच्या फेऱ्या फक्त 4! व्हॉलीबॉललाही हीच सोय मिळायची. ज्या खेळांच्या तिकिटांवर फार पैसा येत नाही, त्यांच्यासाठी ही व्यवस्था म्हणजे आधारच होता.

मुली आल्या तेव्हा नकाशा तयार होता

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा, कारण वाचताना तो सहज निसटतो. 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणात लिंगभेदाला बंदी घातली आणि विद्यापीठांमध्ये मुलींचे संघ झपाट्याने वाढले. सत्तरच्या दशकात त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा एआयएडब्ल्यू नावाची स्वतंत्र संघटना भरवायची. 1981-82 मध्ये मुलांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएने पहिल्या श्रेणीत मुलींच्या स्पर्धा सुरू केल्या आणि एआयएडब्ल्यू लवकरच बंद पडली. पश्चिमेच्या दहांच्या गटाने मुलींचे खेळ आपल्याकडे घेतले ते 1986-87 मध्ये.

याचा अर्थ, मुलींचे संघ ज्या गटांत गेले त्यांच्या सीमा आधीच आखलेल्या होत्या, आणि त्या आखताना मुलींचा विचार नव्हता. तेव्हा त्याचं काही बिघडलं नाही, कारण सीमा शेजाऱ्यांच्या होत्या. पण सीमा बदलण्याची किल्ली फुटबॉलच्या हातात राहिली.

1984 : किल्ली फिरली

तोपर्यंत कॉलेज फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दिसणार आणि कोणता संघ किती वेळा दिसणार, हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली. जून 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं, की हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कॉलेज फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते.

आता हक्क विकायला विद्यापीठं मोकळी होती, आणि हळूहळू विक्रीचं काम कॉन्फरन्सकडे गेलं. गटात कोण शेजारी आहे यापेक्षा कोणाच्या परिसरात किती टीव्ही आहेत, हे महत्त्वाचं ठरू लागलं. 1990 मध्ये बिग टेनने पेन स्टेटला घेतलं. 1996 मध्ये टेक्सासभोवतीची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली. 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया बिग-12 मध्ये गेलं, तेव्हा गटातला त्याचा सर्वांत जवळचा सोबती हजार किलोमीटरहून लांब होता. 2014 मध्ये मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये आले, म्हणजे वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या टीव्ही बाजारपेठा आल्या.

30 जून 2022 रोजी यूएससी आणि यूसीएलएने पॅक-12 सोडत असल्याचं जाहीर केलं. 2023 च्या उन्हाळ्यात बाकीचेही पांगले. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड आणि बर्कली तर 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये गेले! मागे उरले फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. जोड्यांची ती सुबक रचना एका वर्षात मोडली.

सगळ्या खेळांना सारखाच फटका बसतो का?

नाही. आणि इथेच बातम्या आणि संशोधन यांच्या वाटा वेगळ्या होतात.

सॉफ्टबॉल आणि बेसबॉलमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी एका वीकेंडला तीन सामन्यांची मालिका होते. तिथे 'ट्रॅव्हल पार्टनर'चा फायदा मुळातच नव्हता. गट बदलल्यावर फेऱ्यांची संख्या फारशी बदलत नाही, पण फेरीची लांबी बदलते. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलमध्ये जोडी मोडली, की एकतर फेऱ्या वाढतात, नाहीतर एकाच दौऱ्यात दोन सामने बसवून मुक्काम वाढवावा लागतो. पोहणं आणि ॲथलेटिक्समध्ये हंगामातल्या बऱ्याच स्पर्धा विद्यापीठ स्वतः निवडतं, त्यामुळे खरा लांबचा प्रवास म्हणजे मुख्यतः गटाची अंतिम स्पर्धा.

काहींचं तर भलंही झालं असेल. स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या फील्ड हॉकी संघांसाठी पश्चिमेत गटच नव्हता. 2024 च्या आधीही ते 'अमेरिका ईस्ट' या पूर्वेकडच्या कॉन्फरन्समध्ये खेळायचे. त्यांच्यासाठी देश ओलांडणं नवं नव्हतं.

आणि काही जागचे हललेच नाहीत. बिग टेनमध्ये वॉटर पोलो नाही, मुलांचा व्हॉलीबॉलही नाही. म्हणून यूसीएलएचे हे संघ 'माउंटन पॅसिफिक' नावाच्या पश्चिमेकडच्याच गटात राहिले.

मग मोजायचं काय?

विज्ञानातून आल्यामुळे मला आधी हाच प्रश्न पडतो. 'सरासरी प्रवास किती किलोमीटरने वाढला' हा आकडा काढायला सोपा आणि दाखवायला छान. पण विमानात हजार किलोमीटर जास्त म्हणजे तास-दीड तास. खरं नुकसान आहे ते बुडालेल्या तासिकेत, हुकलेल्या प्रॅक्टिकलमध्ये, रविवारी रात्री उशिरा परतून सोमवारी सकाळी दिलेल्या परीक्षेत.

अधिकृत नोंदींमध्ये हे दिसेल असं वाटत असेल, तर एनसीएएचा नियम बघा. हंगामात खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास. त्यात सामन्याचा दिवस, सामना कितीही वेळ चालो, 3 तासांचा धरतात. प्रवासाचे तास धरत नाहीत. म्हणजे ज्या मुलीचा सामना शेजारच्या गावात आहे आणि जिचा सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्या दोघींची नोंद सारखीच! 20 तासांचा तक्ता 2023 चा घ्या किंवा 2024 चा, त्यात रीअलाइनमेंट घडलीच नाही असं दिसू शकतं.

म्हणून वेळापत्रकालाच दस्तऐवज माना. ते उघडपणे मिळतं. तारीख, वार, ठिकाण आणि वेळ घ्या. सोमवार ते शुक्रवारचे किती दिवस बाहेर गेले ते मोजा, किती टाइम झोन ओलांडले ते मोजा. मग त्याच विद्यापीठातल्या हललेल्या संघाची न हललेल्या संघाशी तुलना करा, उदाहरणार्थ मुलींचा व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो. विद्यापीठ तेच, परीक्षांचं वेळापत्रक तेच, बदलला तो गट. नुसतं 'आधी आणि नंतर' बघितलंत तर फसाल, कारण 2021 पासून खेळाडूंच्या बदलीचे आणि कमाईचे नियमही बदलत होते. तुलनेला दुसरा संघ असेल, तर निदान दोन्ही संघांवर सारखेच पडलेले परिणाम बाजूला काढता येतात.

पुढच्या वेळी एखादा डेटासेट उघडाल, तेव्हा रकाने वाचण्याआधी एवढं विचारा : हा तक्ता कोणी, कोणत्या कामासाठी बनवला, आणि त्यात कोणाच्या वेळेला रकानाच नाही? इथे ती वेळ विमानतळावर पुस्तक उघडून बसलेल्या व्हॉलीबॉलपटूची आहे.