निवडणं-पाखडणं लिहून ठेवा: पुन्हा करून पाहता येणाऱ्या संशोधनाचा छोटा इतिहास

विज्ञानाचा इतिहास म्हटला की आपण शोधांबद्दल बोलतो. आज मात्र एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचा इतिहास पाहू या. प्रयोगातून मोजमापं हाती आली की ती लगेच गणितात घालता येत नाहीत. घरी धान्य आणलं की आधी निवडावं, पाखडावं लागतं, तसंच हे. रकाने जुळवायचे, नावं एकसारखी करायची, रिकाम्या जागांचं काय करायचं ते ठरवायचं. शोधनिबंधात या सगळ्याला फार तर एखादं वाक्य मिळतं. पण निष्कर्ष बरोबर की चूक, हे कैकदा इथंच ठरतं.

या कामाला उपयोगी पडलेलं एक साधन वेगळ्याच कारणासाठी जन्माला आलं. १९७६ साल, अमेरिकेतली बेल लॅब्ज. स्टुअर्ट फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून त्यांच्याकडे आले. एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. वास्तविक ती चूक आधीच दुरुस्त झालेली होती. पण दुरुस्तीनंतर ती फाइल नव्यानं कंपाइल करायची राहिली, त्यामुळे जुनंच चालू होतं. यावर उपाय म्हणून फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिला. कोणती फाइल कशापासून आणि कोणत्या आज्ञेनं बनते हे एकदा लिहून ठेवायचं. मूळ फाइल बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढं यंत्र पुन्हा बनवतं.

विज्ञानात ही कल्पना रुजवली ती स्टॅनफर्डचे भूभौतिकतज्ज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी. भूकंपलहरींसारख्या लहरी जमिनीत सोडून खालच्या थरांचं चित्र काढणं, हे त्यांच्या गटाचं काम. त्यांची अडचण काय होती? विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याची आकृती पुन्हा काढता येत नसे. काही महिन्यांनी खुद्द त्यालाही जमत नसे! म्हणून १९९०च्या सुमारास त्यांनी दंडक घातला: आकृतीसोबत ती बनवणाऱ्या आज्ञाही जपायच्या. पुढे तर या गटात ‘बर्न’ आणि ‘बिल्ड’ अशा दोन आज्ञा रूढ झाल्या. पहिलीनं आकृती पुसून टाकायची, दुसरीनं मूळ डेटापासून ती नव्यानं उभी करायची. उभी राहिली तर काम पुरं झालं म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, हा शिस्तीचा अतिरेक झाला. मग पुढचा प्रसंग ऐका. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका गटानं ‘नेचर मेडिसिन’मध्ये दावा केला, की गाठीतली जनुकं किती सक्रिय आहेत यावरून कोणतं कर्करोगाचं औषध लागू पडेल हे आधीच सांगता येतं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातले डॉक्टर हे ऐकून उत्सुक झाले आणि त्यांनी आपल्याकडच्या संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांना, पद्धत तपासायला सांगितलं. पायऱ्या लिहिलेल्याच नव्हत्या. प्रसिद्ध झालेल्या निकालावरून मागं मागं जात त्यांना त्या शोधाव्या लागल्या. त्यात गेले सुमारे १५०० तास.

आणि सापडलं काय? जनुकांची यादी एका ओळीनं सरकलेली. निकालपत्रकात नावांचा रकाना एक घर खाली गेला, तर प्रत्येकाला शेजाऱ्याचे गुण मिळतात, तसं. काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणाऱ्या’ आणि ‘न देणाऱ्या’ या खुणाच उलट्या पडलेल्या. इकडे २००७ पासून याच पद्धतीच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या! २०१० मध्ये त्या बंद झाल्या, २०११ मध्ये निबंध मागं घेतला गेला. पुढे २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या संबंधित कार्यालयानं, गटातल्या एका संशोधकानं खोटा डेटा वापरला, असा निष्कर्ष काढला. इथं लक्षात घ्या, पायऱ्या लिहिलेल्या नसल्या की नजरचूक आणि लबाडी बाहेरून सारख्याच दिसतात. प्रामाणिक माणसालाही मग आपला प्रामाणिकपणा दाखवता येत नाही.

मग सगळं यंत्रावर सोपवलं की प्रश्न मिटला का? नाही. एक्सेलचंच पाहा. ‘मार्च१’ नावाचं एक जनुक होतं. रोमन लिपीत ते नाव टंकलं, की एक्सेल न विचारता त्याची १ मार्च ही तारीख करून टाकतं. हा धोका २००४ मध्येच छापून आला होता. तरी २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० पर्यंत जनुकांचीच नावं बदलावी लागली: ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं. हेही स्वयंचलितच होतं की! पण बदल केल्याची नोंद त्यानं कुठंच ठेवली नाही.

क्लेअरबाउट यांच्या पद्धतीत आणि एक्सेलच्या या सवयीत फरक आहे तो एवढाच. लिहिलेली आज्ञा चुकीची असू शकते, आणि चुकीची असली तर ती हजार वेळा इमानेइतबारे तीच चूक करेल. कोणता दाणा ठेवायचा आणि कोणता खडा म्हणून फेकायचा, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. पण ते ठरवणं कागदावर आलं, की दुसऱ्याला त्यावर बोट ठेवून विचारता येतं, ‘हे असं का केलंत?’ ड्यूकच्या प्रकरणात हा साधा प्रश्न विचारण्यापर्यंत पोहोचायलाच १५०० तास लागले, आणि तोवर रुग्णांवर चाचण्या सुरू झालेल्या होत्या.