तासभर पुढचे पत्र

मार्च २००७ मधली गोष्ट. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत न्यू जर्सीला राहत होता. शाळा सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे शिक्षक चंद्रपूरच्या एका नेट कॅफेत जात असू आणि मुलांच्या प्रकल्पांविषयी त्याच्याशी ई-मेलने पत्रव्यवहार करत असू. मंगळवारी, २० मार्चला त्याचे पत्र आले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पस्तीस मिनिटे झाली होती आणि पत्रावर वेळ होती रात्री साडेआठची. म्हणजे पत्र अजून लिहूनच झाले नव्हते आणि आम्ही ते वाचत होतो!

‘सर, आपलंच घड्याळ मागं पडलं वाटते,’ असे म्हणून कॅफेच्या मालकाने संगणकाचे घड्याळ तासभर पुढे सरकवले. पत्राची वेळ आता शहाण्यासारखी दिसू लागली. मात्र त्या संगणकावर बसलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडून एका तासाचे पैसे जास्त घेतले गेले, तेव्हा झालेली भांडाभांडी आम्हाला ऐकावी लागली. घड्याळ पूर्ववत झाले आणि कोडे तसेच राहिले.

ते सोडवण्यासाठी ई-मेलवर वेळ कोण लिहितो हे पाहावे लागले. साध्या पोस्टकार्डाचे उदाहरण घेऊ. वरच्या कोपऱ्यात पत्र लिहिणारा स्वतः तारीख घालतो. ती चुकीची असली तरी त्याला कोणी अडवत नाही. टपाल कचेऱ्यांचे ठसे मात्र त्या-त्या कचेरीच्या कारभाराप्रमाणे पडतात. ई-मेललाही असेच दोन प्रकारचे शिक्के असतात. ‘दिनांक’ ही ओळ पाठवणाऱ्याचा संगणक स्वतःच्या घड्याळावरून लिहितो, आणि वाटेतला प्रत्येक सर्व्हर ‘मिळाले’ अशी आपली ओळ वरच्या बाजूला चढवत जातो. म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या असतात. एरवी त्या दडवलेल्या असतात, पण संपूर्ण हेडर उघडले की दिसतात.

आम्ही हेडर उघडले. विद्यार्थ्याच्या संगणकाची ओळ होती: २० मार्च २००७, १०:००:००, −०५००. कॅलिफोर्नियातल्या पहिल्या सर्व्हरची ओळ होती: त्याच दिवशी ०७:०१:१२, −०७००. शेवटचे चार आकडे सांगतात की ही वेळ ग्रीनिचच्या किती मागे किंवा पुढे आहे. पहिल्या ओळीप्रमाणे ग्रीनिचला दुपारचे तीन वाजले होते, दुसरीप्रमाणे दोन वाजून एक मिनिट. भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने पहिलीवरून साडेआठ येतात आणि दुसरीवरून साडेसात वाजून एक मिनिट. भिंतीवरचे घड्याळ सर्व्हरच्या बाजूने होते. चूक होती ती पाठवणाऱ्याच्या घरी.

आणि ती आळसातून नव्हे, दक्षतेतून झाली होती. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. पूर्वी हा बदल एप्रिलच्या पहिल्या रविवारी होई. २००५ मध्ये झालेल्या ऊर्जाविषयक कायद्याने तो २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्या वर्षी ११ मार्चला आणला. आमच्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकाला नवा नियम माहीत नव्हता. त्याच्या लेखी १ एप्रिलपर्यंत हिवाळाच होता. घरातली सगळी घड्याळे पुढे गेली आणि संगणकाचे नाही, म्हणून मुलाने त्याचे काटे हाताने पुढे केले. दहा वाजले हे बरोबर दिसू लागले, पण ‘हे दहा हिवाळी वेळेचे’ अशी संगणकाची समजूत कायम राहिली. त्याने काही केले नसते, तर संगणकाने नऊ वाजले आणि −०५०० असे लिहिले असते. ते त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळले नसते, तरी ग्रीनिचशी नेमके जुळले असते आणि आम्हाला पत्र योग्य वेळेचे दिसले असते. काटे दुरुस्त केले आणि वेळ बिघडली. कॅफेच्या मालकानेही तेच केले होते.

खरे तर त्याच्या आधी काही वर्षे आमच्या बाजूनेच याहून मोठा घोटाळा होत असे. त्या काळात आलेल्या अनेक संगणकांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा वेळ-विभाग मुळातच बसवलेला असे. विकत घेणारा काटे भारतीय वेळेवर आणी, पण विभाग तसाच ठेवी. हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला आम्ही पाठवलेल्या पत्रावर −०८०० पडत असे. न्यू जर्सीत सकाळी नऊला हाती पडलेले पत्र तिथे रात्री साडेदहाला लिहिलेले दिसे. साडेतेरा तासांची चूक! विद्यार्थ्याने कधी तक्रार केली नाही. भारत अमेरिकेच्या पुढे असतो, एवढे त्याला आम्हीच शिकवले होते. शिवाय एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या अखेरीस असा संगणक आपले घड्याळ आपणच एक तास हलवी आणि शाळेत कोणी हात लावला याची चौकशी सुरू होई.

ई-मेलच्या वेळेचे हे लिखाण ज्या नियमपत्राने घालून दिले, ते आरएफसी ८२२ या नावाने ओळखले जाते आणि त्यावर १३ ऑगस्ट १९८२ ही तारीख आहे. आमच्या भागातल्या वाचकांना तो महिना वेगळ्या कारणाने आठवेल: २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. नियमपत्र अमेरिकेत लिहिले गेले, त्यामुळे अमेरिकेच्या चार विभागांच्या हिवाळी व उन्हाळी वेळांना त्यात स्वतंत्र नावे मिळाली. सैन्यात चालणारी एकेका अक्षराची नावेही घेतली गेली. पण त्यांची अधिक-उणे चिन्हे उलटी छापली गेली, आणि पुढे ही अक्षरे वापरू नका असे सांगावे लागले. शिवाय ती पूर्ण तासांची, अर्ध्या तासाला अक्षर नाही. आपल्या वाट्याला आले ते चिन्ह आणि चार आकडे: +०५३०. आमच्या मते हाच वाटा सगळ्यांत चांगला. ‘आयएसटी’ ही अक्षरे भारताची, आयर्लंडची की इस्राएलची, हे पत्र वाचणाऱ्याला कळत नाही. चार आकड्यांबद्दल असा वाद होत नाही.

हे सारे परदेशातले झेंगट, आपल्याकडे घड्याळ कधी हलवले जात नाही, असे वाटेल. पण आपल्या जिल्ह्यांतही ते हलले आहे, एकदा नव्हे, दोनदा.

सूर्याच्या हिशेबाने चंद्रपूरची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या सुमारे ५ तास १७ मिनिटे पुढे आहे आणि गडचिरोलीची ५ तास २० मिनिटे. रेखांश अनुक्रमे ७९.३ आणि ८०.० अंश पूर्व आहेत. दर अंशाला चार मिनिटे धरून मुलांना हे काढता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने देशभर मद्रास वेधशाळेची वेळ वापरली. ती ५ तास २१ मिनिटांची. वरोऱ्याच्या कोळशासाठी आलेली गाडी मद्रासच्या घड्याळावर चाले, तरी इथल्या सूर्याशी तिचे भांडण चार-पाच मिनिटांचेच होते. गडचिरोलीला तर एका मिनिटाचे. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखावृत्ताची प्रमाणवेळ आली आणि रेल्वेची घड्याळे नऊ मिनिटे पुढे झाली. मुंबईला हाच बदल ३९ मिनिटांचा पडला. तिथे विरोध एवढा झाला की महापालिकेची घड्याळे पुढे जवळजवळ अर्धे शतक मुंबई वेळ दाखवत राहिली. आमच्याकडे नऊ मिनिटांसाठी कोण भांडणार?

दुसरा बदल पूर्ण तासाचा होता. दिवसाचा उजेड जास्त वापरून दिवाबत्तीची वीज वाचवावी, या हेतूने पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनीने आणि मागोमाग ब्रिटनने घड्याळे पुढे केली होती. दुसऱ्या महायुद्धात ती पाळी भारतावर आली. १ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ चा मध्य एवढा काळ देशाची वेळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. ज्योतिषी तिला अजून ‘वॉर टाइम’ म्हणतात. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ही तारीख मोठ्या नाजूक जागी पडते. चिमूरचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा. त्यानंतर सोळा दिवसांत घड्याळ बदलले. त्यामुळे उठावाच्या दिवसाच्या वेळा नेहमीच्या प्रमाणवेळेतल्या आहेत. पण पुढचे खटले आणि प्रा. भन्साळी यांचे नोव्हेंबर १९४२ ते जानेवारी १९४३ मधले उपोषण हे सर्व पुढे केलेल्या तासातले. आठवणी लिहून घेणाऱ्याने ‘सकाळी सहाला’ असे ऐकले, तर कोणते सहा, हे विचारायलाच हवे. कचेरीच्या घड्याळाने हुकूम पाळला असणार. पण घरातल्या आणि शेतावरच्या माणसाने पाळला का? कागदावर नुसता ‘सहा’ असतो, शेजारी चार आकडे नसतात.

आमच्या एका सहकाऱ्याच्या आईच्या जन्माची नोंद पाहा. चंद्रपूर, १० जानेवारी १९४४, सकाळी ७ वाजून ५० मिनिटे. घरात सांगतात की बाळ रडले तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता. आता चंद्रपूरला १० जानेवारीच्या सुमारास सूर्य प्रमाणवेळेप्रमाणे ६ वाजून ५० मिनिटांनी उगवतो. हे दरवर्षी अंगणात उभे राहून पाहता येते. कागद आणि आठवण यांत बरोबर एका तासाचे अंतर पडते, तेव्हा ७:५० हे वॉर टाइमचे आहेत. पत्रिकेवर आमचा विश्वास नाही, पण गणित गमतीचे आहे. सूर्योदयाला जन्मलेल्याचे लग्न म्हणजे सूर्य ज्या राशीत असेल ती रास. मकरसंक्रांतीला चार-पाच दिवस बाकी, म्हणजे धनु. तास वजा करायला विसरलेला ज्योतिषी मात्र मकर लग्न मांडतो, कारण दर दोन तासांच्या आसपास लग्नाची रास बदलते. म्हणजे ज्याचा पाया आम्हाला मान्य नाही, त्या शास्त्राच्या लोकांना हा तास लक्षात ठेवणे भाग होते, आणि त्यांनी तो ठेवला.

त्याचा फायदा पुढे संगणकांना झाला. जगातल्या निरनिराळ्या ठिकाणी घड्याळ केव्हा, किती हलले याची एक माहितीसूची १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी अमेरिकेत सुरू केली आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. आज असंख्य संगणक आणि मोबाइल फोन त्याच सूचीवर चालतात. तिच्यातल्या जुन्या नोंदींपैकी पुष्कळशा थॉमस शँक्स यांनी ज्योतिषांसाठी केलेल्या पुस्तकांवरून घेतल्या होत्या. सप्टेंबर २०११ मध्ये ज्योतिषाच्या आज्ञावली विकणाऱ्या ॲस्ट्रोलेब या कंपनीने दोघांवर खटला भरला. कोणत्या दिवशी घड्याळ हलले ही इतिहासातली वस्तुस्थिती आहे, ती कोणाच्या मालकीची नसते, असा बचाव होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला आणि माफी मागितली. दरम्यान सूची आंतरराष्ट्रीय संस्थेकडे गेली. १९७० पूर्वीच्या नोंदींची पूर्ण हमी ती सांभाळणारे आजही देत नाहीत. शिवाय सगळ्या भारतासाठी तिच्यात एकच नाव आहे, कोलकात्याचे.

तरीही वॉर टाइम तिच्यात आहे, आणि त्यातून नवाच घोळ निघतो. अनेक आज्ञावली जन्मतारीख ‘त्या दिवशीची मध्यरात्र’ अशी साठवतात. १० जानेवारी १९४४ ची मध्यरात्र सूचीप्रमाणे +०६३० ची. दुसरी आज्ञावली सूची न पाहता सरळ साडेपाच तास धरते, आणि तिला तोच क्षण ९ जानेवारीच्या रात्री अकराचा दिसतो. कागदावर दहा, पडद्यावर नऊ. निवृत्तिवेतनाच्या किंवा बँकेच्या खिडकीपाशी म्हाताऱ्या माणसाला ‘तुमची तारीख जुळत नाही’ असे ऐकावे लागायला एवढे पुरते. मग खिडकीमागचा माणूस आकडा हाताने बदलतो. तसे करण्यापूर्वी जन्म सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधला आहे का आणि फरक नेमका एका दिवसाचा आहे का, हे पाहिले तर चूक माणसाची नाही हे कळेल.

सहकाऱ्याच्या आईची वेळ आम्ही अलीकडे शाळेतल्या संगणकाला विचारली. १० जानेवारी १९४४, ७ वाजून ५० मिनिटे, भारताचा विभाग, ग्रीनिचला किती वाजले? उत्तर आले, १ वाजून २० मिनिटे. त्यात आजचे साडेपाच तास मिळवले की ६ वाजून ५० मिनिटे होतात. आजींना ते सांगितले, तर त्या म्हणाल्या, ‘ऊन आलं होतं अंगणात, हे माझी माय सांगत होती की.’