चामराजपेट, १९१३ : डोळ्यांत पडणारे थेंब

साल १९१३. तुम्ही बेंगळुरच्या अरळेपेटेतल्या भावसार घरातले शिंपी आहात. घरात मराठी, दुकानात कन्नड. सुईत दोरा ओवायला नातू लागतो, त्यालाही आता वर्षे झाली. अलीकडे तर कापडावरची खडूची रेघसुद्धा दिसेनाशी झाली आहे. मोतीबिंदू आहे, म्हणून मुलाने आज तुम्हाला जटक्यात घालून चामराजपेटेत आणले आहे. टिपूच्या महालापासून जवळच मिंटो इस्पितळाची नवी दगडी इमारत यंदा उघडली. डोळ्यांचा दवाखाना गावात १८९६ पासून आहे, पण एवढा थाट पहिल्यांदाच. रस्त्याला अल्बर्ट व्हिक्टर या राजपुत्राचे नाव आहे. (पुढे त्या जागी कन्नड लेखक आलूर वेंकटराव यांचे नाव येईल. इंग्रजी आद्याक्षरे तीच, त्यामुळे 'ए. व्ही. रोड' म्हणणाऱ्यांचे काहीच अडणार नाही.)

मघाशी वॉर्डात डोळ्यात एक थेंब घातला होता. तेव्हापासून खिडकीतला उजेड खुपतो आहे आणि घसा कोरडा पडला आहे. घातले डोळ्यात, सुकला घसा! डोळ्यातून नाकात उतरणारी बारीक नळी असते. औषध तिथून आत जाते आणि रक्तात मिसळते. थेंब अ‍ॅट्रोपिनचा आहे. चाकू भिंगापर्यंत पोहोचायचा तर बाहुली सताड उघडी हवी, आणि ती आकसू पाहणाऱ्या स्नायूला अ‍ॅट्रोपिन ढिले पाडते.

हे काम धोतराही करतो. धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस बरळतो आणि त्याच्या बाहुल्या फाकतात, हे तुमच्या आजीला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की किती बियांत किती विष. एक झाड दुसऱ्यासारखे नसते, पावसाळ्यातले पान उन्हाळ्यातल्यासारखे नसते. १८३३ साली गायगर आणि हेस यांनी धोतऱ्याच्या युरोपी भाऊबंदातून, बेलाडोनातून, अ‍ॅट्रोपिन वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या विषाला वजन मिळाले. गंमत अशी की पानात असते ते मुख्यतः हायोसायमिन. त्याचे रेणू डाव्या हाताच्या मोज्यासारखे एकाच बाजूचे असतात. काढता काढता त्यातले निम्मे उजवे होऊन बसतात, आणि त्या मिश्रणाला अ‍ॅट्रोपिन म्हणतात. एक टक्क्याच्या एका थेंबात ते साधारण अर्धा मिलिग्रॅम असते, मग बाटली जर्मनीत भरलेली असो की बेंगळुरात.

तुम्हाला टेबलावर उताणे झोपवतात. तुमच्या आजोबांचा मोतीबिंदू एका फिरत्या माणसाने सुईने डोळ्यातल्या डोळ्यातच खाली ढकलला होता आणि तेवढा वेळ चौघांनी त्यांना दाबून धरले होते. ते आठवून तुमच्या मुठी वळतात.

"कण्णु मुच्चबेडि," नर्स म्हणते. डोळा मिटू नका.

दुसरा थेंब पडतो. आधी चुरचुरतो, मग गार लागतो, आणि मग तिथे डोळा आहे की नाही तेच कळेनासे होते. आणखी काही थेंब. चाकू आत गेल्याचे तुम्हाला समजते, पण दुखत नाही. हे कोकेन आहे, कोकाच्या पानातले.

या थेंबाबरोबर मागे चला. १५ सप्टेंबर १८८४, हायडेलबर्ग. डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद भरली आहे आणि तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. समोर त्रिएस्तचे डॉ. ब्रेटाउअर दुसऱ्याच कुणाचे तरी टिपण वाचत आहेत. ते कार्ल कोलरचे. व्हिएन्नातल्या या सव्वीस वर्षांच्या डॉक्टराकडे गाडीभाड्याला पैसे नाहीत. कोकेनने जीभ बधिरते, मग डोळा का नाही, असे त्याच्या मनात आले. बेडूक आणि ससा झाल्यावर त्याने ते स्वतःच्या डोळ्यात घातले आणि टाचणीचे डोके बुबुळाला लावून पाहिले. जीभ बधिरते हे नीमनने १८६० मध्येच लिहून ठेवले होते, शुद्ध कोकेन वेगळे काढले तेव्हाच. पुढची चोवीस वर्षे भुकटी फडताळात होती आणि लोक जागेपणी डोळे कापून घेत होते. शुद्ध पदार्थ हातात आला की औषध मिळाले, असे समजणाऱ्यांनी ही चोवीस वर्षे जरूर मोजावीत.

परत वॉर्डात या. तुमचे दोन्ही डोळे बांधलेले आहेत आणि मान हलवायची नाही अशी ताकीद आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काचबिंदू आहे. त्याच्या डोळ्यात पडतो तो थेंब तुमच्या थेंबाच्या नेमका उलट, बाहुली आवळणारा : एसेरिन, म्हणजेच फायसोस्टिग्मिन. ते कॅलाबारच्या शेंगेतल्या बीमधून येते. पश्चिम आफ्रिकेत आरोपीला या बियांचे पाणी पाजत. ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. १८६३ मध्ये एडिंबरोच्या आर्गाइल रॉबर्टसनने तो अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून बाहुली आकसताना पाहिली. पुढच्याच वर्षी योब्स्ट आणि हेस यांनी त्यातले द्रव्य वेगळे केले. १८७६ मध्ये लुडविग लाकेअरने ते काचबिंदूवर वापरले. त्याला स्वतःलाच काचबिंदू होता.

'वनस्पतीचे आहे, अपाय नाही' असे म्हणणाऱ्याला या वॉर्डात एक फेरी मारायला लावावी. इथली तिन्ही औषधे जहाल विषे आहेत.

आता शंभराहून जास्त वर्षे पुढे या. मिंटोत कोकेनची जागा प्रयोगशाळेत घडवलेल्या औषधांनी कधीच घेतली. अ‍ॅट्रोपिन मात्र टिकले आहे. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढू नये म्हणून ०.०१ टक्क्यासारख्या पातळ थेंबांत ते देतात. पण त्याचा खरा जोर पाहायचा तर शेजारच्या व्हिक्टोरिया इस्पितळाच्या अपघात विभागात चला.

कीटकनाशक पोटात गेलेल्या एका शेतकऱ्याला आणले आहे. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके कॅलाबारच्या बीसारखीच वागतात : नसांचा निरोप पोहोचल्यावर तो नेणारे अ‍ॅसिटिलकोलिन पुसून टाकणारे विकर ती बंद पाडतात, आणि स्नायू, ग्रंथी, फुप्फुसे निरोपांच्या पुरात बुडतात. एडिंबरोच्या थॉमस फ्रेझरने १८७०च्या सुमारास प्राण्यांवर दाखवले होते, की कॅलाबारच्या विषाला अ‍ॅट्रोपिन अडवते. इथे तेच चालले आहे. डॉक्टर शिरेतून अ‍ॅट्रोपिन देतात, पाच मिनिटे थांबून छातीला नळी लावतात, आणि घरघर असेल तर आधीच्या दुप्पट देतात. बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचे नसते. छाती कोरडी झाली का, तेवढे ऐकायचे.